खंडी, गाठ आणि वॉशिंग्टन

जळगाव-धुळ्याचा शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. जिनिंगवाला रुईचा भाव खंडीने, म्हणजे 356 किलोला, बोलतो. आपली गाठ 170 किलोची, अमेरिकेची सुमारे 218 किलोची. देशोदेशीचे हे हिशेब टनांत आणून मांडते ती आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समिती. स्थापना 1939, मुख्यालय वॉशिंग्टन. तिची 81वी महासभा डिसेंबर 2023मध्ये मुंबईत भरली. समिती फक्त सल्ला देते. श्रीमंत देशांच्या कापूस-अनुदानांवरचे खरे भांडण जागतिक व्यापार संघटनेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या गरीब देशांनी 2003 साली ते तिथे एकजुटीने मांडले. त्यांची तयारी खान्देशाने जरूर अभ्यासावी. कारण आपल्याकडे दिल्लीने 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर 2025 या काळात कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले. आपल्या वेचणीचे ऐन महिने त्यातच गेले.