टेकडी हिरवी झाली, पण मातीचं काय?

पावसाळ्यात तळोज्याहून खारघरच्या डोंगराकडे पाहिलं की सगळं सारखंच हिरवं दिसतं. मूळ जंगल कुठलं आणि लावलेली झाडं कुठली, हे लांबून कळत नाही. मातीत मात्र फरक पडतो.

पनवेल परिसरातलं मूळ जंगल म्हणजे ऐन, किंजळ, कुडा, पळस, साग अशी पानगळीची मिसळ. कर्नाळा अभयारण्यात ते आजही बघायला मिळतं. कोकणातला धो धो पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेतो. खोल मुळांची झाडं ते खालच्या मुरमातून वर ओढतात आणि पानांवाटे पुन्हा जमिनीला देतात. ऐनाच्या सालीत तर इतकं कॅल्शियम असतं की तिची राख विड्यात चुना म्हणून वापरली जायची! शिवाय कुणाची पानं मऊ, कुणाची जाड. काही लवकर कुजतात, काही सावकाश. त्यामुळे मातीला खुराक हप्त्याहप्त्याने मिळत राहतो.

कोकणातल्या शेतकऱ्याला झाडपाल्याची ही किंमत आधीपासून माहीत होती. ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून तो भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायचा. इंग्रजांच्या जंगल कायद्याने त्यावर बंधनं आणली, तेव्हा ठाणे-कुलाबा भागात इतका असंतोष झाला की सरकारला 1885 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला.

आता लागवडीकडे येऊ. मुंबई-ठाणे-रायगडच्या अनेक टेकड्यांवर गिरिपुष्प दिसतं. हे झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात, म्हणून त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून वापरतात. मग अडचण कुठे आहे?

नत्र हवेतून मिळतो, पण स्फुरद आणि कॅल्शियम हवेतून मिळत नाही. गिरिपुष्पाचा पाला भराभर कुजतो. त्यातला जो नत्र मुळांनी उचलला नाही, तो नायट्रेट होऊन पावसात वाहतो आणि जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियमही सोबत नेतो. माती हळूहळू आम्लधर्मी होत जाते. ऑस्ट्रेलियन बाभळीची तऱ्हा वेगळी. तीही नत्र देते, पण तिची चिवट पानं लवकर कुजत नाहीत.

निलगिरीत खरा फटका तोडणीत बसतो. दर काही वर्षांनी ओंडके ट्रकमधून जातात आणि लाकूड-सालीतलं कॅल्शियम, पोटॅशही त्यांच्याबरोबर जातं. साल तिथेच सोलून टाकली तरी तोटा बराच कमी होतो.

उघड्याबोडक्या टेकडीवर अशी लागवड फायद्याचीच ठरू शकते. काहीच नसण्यापेक्षा पाला केव्हाही बरा. प्रश्न उभं जंगल काढून त्याची भरपाई रोपांनी करायची म्हटलं की येतो. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. अशा मोहिमांत रोपं मोजली जातात. कुठल्या जातीची आणि कुठल्या मातीत, हे मागेच पडतं.

ऐन-किंजळ मात्र चिवट आहेत. खोड तोडलं तरी बुंध्यातून फुटवे येतात. वणवा आणि चराई काही वर्षं थांबवली, तर बऱ्याच टेकड्यांवर एकही रोप न लावता जुनं रान परत उभं राहू शकतं.