गंजलेल्या पत्र्यासमोर कोणती लेन्स?
15 सप्टेंबर 2023 रोजी अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौक ते सीप्झ या 415 क्रमांकाच्या मार्गावर बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर बस शेवटची धावली. मुंबईत डबलडेकर आली होती 1937 साली. पाठोपाठ ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवलेली, आणि शहरात टॅक्सीला 20 वर्षांचीच मुदत. या निरोपांचे फोटो भरपूर निघाले. त्यांत हार घालून सजवलेली गाडी दिसते, आधीची वर्षे मात्र दिसत नाहीत. राबलेल्या गाडीचा इतिहास तिच्या झिजेत असतो. म्हणून लेन्सचे प्रयोग जरूर करावेत, पण ती झीज वाचता यावी यासाठी. फोटो देखणा होणे ही त्यानंतरची गोष्ट.

झीज कुठेही, कशीही होत नाही. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज चढतो, आणि खारी हवा त्याला घाई करते. त्यामुळे गंजाची सुरुवात बहुधा पाणी साचते तिथून होते: दरवाजाची खालची कड, मडगार्डची आतली बाजू, क्रोमच्या पट्टीमागची फट. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पुट्टी भरून झाकलेला पत्रा आतून फुगतो आणि वरचा रंग पोपड्यांनी सुटतो. रिक्षाच्या बाबतीत तर हा पुरावा अगदी स्थानिक आहे. तिला बांद्रा-सायनच्या दक्षिणेला जायची परवानगीच नाही, म्हणजे घाटकोपर किंवा बोरिवलीच्या रिक्षेवर दिसणारे ओरखडे उपनगरानेच काढलेले.

लेन्सकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. गाडीचा आकार वेडावाकडा दिसतो तो मुख्यतः अंतरामुळे. 24 मिमीची लेन्स लावली की चौकट भरण्यासाठी जवळ जावे लागते. मग पद्मिनीचा एक दिवा भोपळ्याएवढा होतो आणि टप मागे पळतो. 85 मिमी लावून मागे सरकले की पत्रा आपल्या प्रमाणात येतो, पोचा कुठून सुरू झाला तेही कळते. हौशी मंडळींची लाडकी सोव्हिएत हेलिऑस 44-2 ही 58 मिमीची, एफ/2 लेन्स 42 मिमी व्यासाच्या आट्यांवर बसते. तिला सेन्सरपासून सुमारे 45.5 मिमी अंतर लागते. मिररलेस कॅमेऱ्यात ते अंतर बरेच कमी असल्याने साधा अॅडॉप्टर मधली जागा भरून काढतो. निकॉनच्या एसएलआरमध्ये ते आधीच 46.5 मिमी असल्याने दूरचा फोकस मिळत नाही. पूर्ण उघडल्यावर ही लेन्स मागची पाने गोल भोवऱ्यासारखी फिरवते. दिसते छान, पण त्या भोवऱ्यात मागचे गॅरेज आणि रस्ता दोन्ही बुडतात. एफ/8वर तीच लेन्स रस्ता परत देते, आणि एक्स्टेन्शन ट्यूब लावली तर पोपड्याच्या कडेला रंग, प्रायमर, पत्रा असे थर उलगडते. माझ्या मते तिचा खरा उपयोग तो आहे.

यावर कुणी म्हणेल, एका चांगल्या आधुनिक लेन्सने आणि सॉफ्टवेअरने हे सगळे साधते. बरेचसे साधतेही. पण रंगावरच्या पांढऱ्या चमकेखाली ओरखडा पुरता हरवला, तर तो नंतर कुठून आणणार? तिथे पोलरायझर फिरवूनच चमक मारावी लागते, तीही तिरप्या कोनातून. उघड्या धातूवर आणि क्रोमवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. दुसरा आक्षेप याहून जड आहे. रिक्षेचा पोचा म्हणजे कित्येकदा गॅरेजचे न परवडलेले बिल असते, आणि ते आपण भिंतीवर टांगायचे? गाडी तिच्या रस्त्यापासून तोडून नुसता गंजाचा रंग दाखवला, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. रस्ता चौकटीत ठेवल्याने आणि मालकाला विचारल्याने त्याची धार कमी होते, पूर्ण जात नाही. नंबरप्लेटचेही तसेच. पूर्ण क्रमांक मालकाकडे बोट दाखवतो, तो झाकावा. पण एमएच 02 म्हणजे अंधेरी, 47 म्हणजे बोरिवली, 03 म्हणजे घाटकोपर-मुलुंडची बाजू, एवढी सुरुवातीची अक्षरे राहू द्यायला हरकत नाही.