केडंबे आणि देवराष्ट्रे

१९६५ च्या ऑगस्टात पाकिस्तानने काश्मीरच्या मुलखात सशस्त्र घुसखोर सोडले आणि १ सप्टेंबरला छांबवर रणगाडे घातले, तेव्हा त्याच सायंकाळी, वेळ न दवडता, विमानदलाला हल्ल्याचा हुकूम देणारे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्याचे. त्यांच्या जन्मकाळी हे गाव साताऱ्यात मोडत होते, आज ते सांगलीत आहे. त्या निर्णयाचा आपल्या प्रांताला वाटणारा अभिमान रास्तच आहे. परंतु तेव्हा समोर उघड फौज उभी होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत उतरलेल्या दहा मारेकऱ्यांचे धनी इन्काराच्या पडद्याआड होते.

तो पडदा फाटला तो गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर. जावळी तालुक्यातील केडंब्याचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे तेथे केवळ लाठीनिशी उभे होते. त्या दहांपैकी एक असलेल्या कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी हातांनी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि प्राण जाईतो पकड सोडली नाही, म्हणून आरोपी जिवंत सापडला.

१६६ माणसांच्या हत्येनंतर उसळलेला क्षोभ अन्याय्य होता असे मी कदापि म्हणणार नाही. परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनीही आरंभी आपण प्रतिहल्ल्याचाच आग्रह धरला होता असे पुढे लिहून ठेवले. तरीही सरकारने सैन्य धाडले नाही, आणि त्या संयमाला बळ आले ते ओंबळ्यांनी मिळवून दिलेल्या जिवंत पुराव्याने : कसाब आपला नागरिक असल्याचे जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला कबूल करावे लागले, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत रीतसर चालून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशीची अंमलबजावणी झाली. हल्ल्यानंतर राजीनामा दिलेले तासगावचे आर. आर. पाटील तेव्हा पुन्हा राज्याच्या गृहमंत्रिपदी होते.

तो संयम माझ्या मते योग्यच होता, कारण पलटणीत पिढ्यानपिढ्या मुले धाडणाऱ्या अपशिंग्यासारख्या गावांना युद्धाची किंमत प्रथम मोजावी लागते. मात्र त्याचे फळ अपुरे राहिले, आणि हे शल्य लहान नव्हे. हल्ल्याच्या सूत्रधारीचा आरोप असलेला लख्वी २०१५ मध्ये पाकिस्तानात जामिनावर सुटला. उरी आणि पुलवामाच्या हल्ल्यांनंतर आपले सैन्य व विमाने सरहद्द ओलांडून गेली. मुंबईच्या कटातील आरोपी तहव्वुर राणा अमेरिकेने स्वाधीन केल्यावर भारतात पोहोचला तो १० एप्रिल २०२५ रोजी. बारा दिवसांनी पहलगामला २६ जण मारले गेले, आणि ७ मे रोजी भारताची ऑपरेशन सिंदूर ही लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या गुन्ह्यातील राणाची चौकशी अद्याप चालूच होती.