धाराशिवमध्ये भाड्याने घर शोधताय? भाडे ठरवण्याआधी पाणी आणि कराराचा हिशेब समजून घ्या

धाराशिव : जून उजाडला की शहरात भाड्याच्या घरांची शोधाशोध सुरू होते. बदलून आलेले कर्मचारी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे व अभियांत्रिकीचे विद्यार्थी, मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून येणारी कुटुंबे असे सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. घाईत भाडे जास्त ठरते आणि घर सोडताना डिपॉझिट अडकते. हे कसे टाळायचे?

घर कुठे शोधायचे?
मोठ्या शहरांतील अ‍ॅपवर इथली घरे फारशी दिसत नाहीत. सांजा रोड, समर्थनगर, तांबरी विभाग अशा वसाहतींत गेटवरची 'भाड्याने देणे आहे' ही पाटी, किराणा दुकानदार आणि ऑफिसमधील सहकारी हेच खरे स्रोत. एजंटमार्फत जाणार असाल, तर कमिशन किती आणि ते कोण देणार, हे घर पाहण्याआधीच विचारा.

भाडे योग्य आहे का?
एकाच गल्लीतील किमान तीन घरांचे भाडे विचारा. दुसरा अंदाज किमतीवरून येतो. देशात घराचे वार्षिक भाडे साधारण किमतीच्या 2 ते 3 टक्के असते. म्हणजे 25 लाखांच्या फ्लॅटला महिना सुमारे 4,200 ते 6,250 रुपये.

पाण्याचा खर्च का मोजायचा?
शहराला उजनीचे पाणी येते, पण नळ रोज सुटत नाही. म्हणून बोअर आणि टाकीची क्षमता भाड्याइतकीच महत्त्वाची. समजा, बोअर असलेल्या घराचे भाडे 7,000 आहे आणि नसलेल्याचे 6,000. उन्हाळ्यात महिन्याला 800 रुपयांचे दोन टँकर लागले, तर 'स्वस्त' घर 7,600 ला पडते. वीज सबमीटरवर असेल तर प्रतियुनिट दर ठरवून घ्या आणि महावितरणच्या बिलाशी ताडून पाहा.

11 महिन्यांचा करार नोंदवावा लागतो का?
हो. 'वर्षाच्या आतला करार, नोटरी पुरेशी' हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

खर्च किती येतो?
लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरील वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर लागते.
• भाडे : 7,000 × 11 = 77,000
• डिपॉझिट 20,000 चे व्याज : 2,000
• शुल्क : 79,000 चे 0.25 टक्के, म्हणजे सुमारे 200 रुपये
नोंदणी फी नगरपालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500 रुपये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन सोयही आहे.

डिपॉझिट कसे सुरक्षित ठेवायचे?
• रक्कम रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्या.
• परतीची मुदत आणि रंगकामाची कपात करारात लिहून घ्या.
• राहायला जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, फिटिंगचे फोटो काढून मालकाला पाठवा.
• भाडेकरूची माहिती मालकाने पोलीस ठाण्यात दिली का, याची खात्री करा.