पाटी तिची, कागद त्याचा

१५ डिसेंबर २०२० रोजी वाढवण बंदराच्या विरोधात किनारपट्टी बंद झाली, तेव्हा बंदची हद्द सांगायला दोन नावं पुरली: झाई ते कफ परेड. झाई म्हणजे गुजरातच्या सीमेवरचं पालघरचं टोक. दुसरं टोक दक्षिण मुंबईत, बधवार पार्कच्या शेजारी, उंच इमारतींच्या पायाशी असलेलं मच्छीमार नगर. एक दिवस होड्या समुद्रात गेल्या नाहीत तर शहराला पत्ताही लागत नाही. शहराला बंद कळतो तो मासळी बाजारातले ओटे रिकामे दिसले की. म्हणजे मच्छीमारांचा बंद यशस्वी करायचा की नाही, हे शेवटी पाटीवाल्या बायकांच्या हाती असतं. गेल्या चाळीसेक वर्षांत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मागण्यांच्या निवेदनाखाली सह्या कुणाच्या, हा प्रश्न त्यातल्या बऱ्याच वर्षांत कुणी विचारलाच नाही.

मच्छीमार नगर ही वरळी किंवा माहीमसारखी जुनी कोळीवाड्याची वस्ती नव्हे, भरावाच्या कडेला वसलेली वस्ती आहे. बॅकबेचा भराव १९२०च्या दशकात सुरू झाला, त्यातल्या घोटाळ्यांवर वीर नरिमन तुटून पडले, आणि काम अर्धवट थांबलं. उरलेला भराव स्वातंत्र्यानंतर झाला, त्यातून नरिमन पॉइंट आणि आजचा कफ परेड उभा राहिला. जिथे समुद्राकडे तोंड करून बंगले होते, तिथून समुद्रच मागे सरकवला गेला. त्या दोन भरावांच्या मधल्या उथळ पाण्यात अजून होड्या उभ्या असतात. याच पाण्यावर गेल्या काही वर्षांत एकामागून एक नकाशे उमटले: भराव टाकून ३०० एकरांचं उद्यान करण्याची कल्पना, नरिमन पॉइंट ते कफ परेड हा सुमारे दीड किलोमीटरचा पूल, आणि गिरगावसमोरच्या समुद्रात शिवस्मारक. स्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झालं, आणि त्याला आक्षेप घेणाऱ्या अखिल महाराष्ट्र मच्छीमार कृती समितीचे दामोदर तांडेल याच नगरातले. लढ्यांचा पत्ता म्हणून मच्छीमार नगर वर्तमानपत्रांत वारंवार छापून आलं. बायकांची नावं त्या बातम्यांत क्वचितच आली. फोटोत मात्र त्या पुढच्या रांगेत असायच्या.

इथे एक गुंता आधीच सांगून टाकतो. मुंबईचे आद्य रहिवासी म्हणून आपण कोळ्यांचं नाव घेतो, मुंबादेवी त्यांची म्हणतो, पण समुद्रकाठचे सोनकोळी अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. महादेव कोळी आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, त्या महादेव कोळी. डोंगरातल्या आणि समुद्रकाठच्या या दोन समाजांची सरकारी गणती अगदी निराळी. राहीबाईंच्या भागात जंगलावरच्या हक्काचा कायदा पोचला. मच्छीमार नगरात ग्रामसभा नाही, आदिवासी भागांतल्या स्वशासनाचा पेसा कायदाही नाही. आहे तो महापालिकेचा प्रभाग, आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ त्या प्रभागाला नगरसेवकही नव्हता. पुलांचे आणि रस्त्यांचे निर्णय झाले, त्यांतले कितीतरी याच काळातले.

आता मूळ गोष्टीकडे. कोळ्यांच्या घरात पैसा बाईच्या हातात असतो, असं अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. होडी किनाऱ्याला लागली की मासळी तिच्या ताब्यात. कुठली घरी ठेवायची, कुठली सुकवायची, कुठली दलालाला द्यायची, कुठली पाटीत घेऊन कुलाब्याच्या बाजारात बसायचं, हे ती ठरवते. स्वतःच्या होडीची मासळी कमी पडली तर ससून डॉकवर पहाटेच्या लिलावात ती बोली लावते. १८७५ साली बांधलेल्या त्या धक्क्यावर शंभरेक माणसांच्या गोंगाटात उभं राहून भाव पाडून घ्यायला जी छाती लागते, ती पुढाऱ्याच्या अंगी लागणाऱ्या छातीपेक्षा कमी नाही. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाची थांबवायची, पावसाळ्यातले मासेमारी बंदीचे दोन महिने घर कशावर चालवायचं, खलाशांना आगाऊ रक्कम कुठून द्यायची, हा सगळा हिशोब तिच्या डोक्यात.

आणि कागदावर? होडीची नोंदणी बहुतेकदा पुरुषाच्या नावावर. मासेमारीचा परवाना होडीला, म्हणजे होडीच्या मालकाला. डिझेलवरच्या कराचा परतावा सहकारी संस्थेमार्फत, म्हणजे पुन्हा होडीमालक सभासदाला. कर्ज संस्थेच्या शिफारशीनं. बाजारातल्या ओट्याचा परवाना तेवढा बाईच्या नावावर असायचा आणि सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जायचा. म्हणजे मासळी पाण्यातून बाहेर येईपर्यंतचा सगळा कारभार सरकारी दफ्तरात आहे, आणि तिथून पुढचा जवळजवळ नाही. सरकारच्या लेखी मच्छीमार म्हणजे समुद्रात जाणारा. जाळं दुरुस्त करणारी, बोंबील सुकवणारी, ओहोटीला खडकावरची कालवं काढणारी, बाजारात बसणारी, ही त्याची बायको.

१९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला तो ट्रॉलर आणि लहान होडीवाले यांच्या भांडणातून. त्या भांडणात बायका रस्त्यावर होत्या, कायद्यात नव्हत्या. पुढचा मोठा टप्पा १९९४ चा. खोल समुद्रात परदेशी जहाजांना मासेमारीची दारं उघडणाऱ्या १९९१ च्या धोरणाविरुद्ध नॅशनल फिशवर्कर्स फोरमनं देशभर बंद पुकारले, मुरारी समिती नेमायला लावली, आणि १९९७ पर्यंत ते धोरण मागे ढकललं. केरळच्या थॉमस कोचेरींचं नाव त्यात मोठं, आपल्याकडून भाई बांदरकर, रामभाऊ पाटील. याच चळवळीतून पुढे महाराष्ट्राच्या बायका राष्ट्रीय पातळीवर बोलू लागल्या: पूर्णिमा मेहेर, उज्ज्वला पाटील, ज्योती मेहेर. माझ्या मते खरं वळण इथे आहे, आरक्षणात नाही. मुंबईतल्या बाजाराचा प्रश्न घेऊन एखादी बाई केरळच्या किंवा बंगालच्या मासेविक्या बायकांपुढे उभी राहिली, की तिला कळतं, आपली अडचण नवऱ्याच्या होडीची नाही, स्वतःच्या धंद्याची आहे. शौचालय, पाणी, बर्फ, माल ठेवायला जागा, डोक्यावर छप्पर. शुद्धावती पेके यांनी २०१३ मध्ये मुंबईतल्या मासळी विकणाऱ्या बायकांवर जो अभ्यास केला, त्यातही हेच पुढे येतं. या मागण्या होडीवाल्यांच्या निवेदनांत कधीच पहिल्या क्रमांकावर आल्या नव्हत्या. कारण उघड आहे. निवेदन लिहिणाऱ्याला दिवसभर ओट्यावर बसायचं नसतं.

आरक्षणानं काय दिलं? महापालिकेत १९९२ पासून बायकांसाठी जागा राखीव झाल्या, २०१२ पासून निम्म्या. सहकारी संस्थांमध्ये ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर संचालक मंडळात २ जागा बायकांना. फुकट मिळालं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण मंडळावर दोन बायका असल्या तरी त्यांना निवडून देणाऱ्या सभासदांची यादी होडीवाल्यांचीच असेल, तर त्या दोघी बाजाराचं गाऱ्हाणं मांडायला बसतात की कोरम भरायला, हे घराघरावर अवलंबून राहतं.

ओळखपत्रांचंही तसंच झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून उतरले ते याच किनाऱ्यावर, आणि त्यांना पहिल्यांदा हटकलं ते इथल्याच लोकांनी. त्यानंतर मच्छीमार अचानक देशाच्या सुरक्षेचे डोळे ठरले. बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, पण ती समुद्रावर जाण्याशी जोडलेली. किनाऱ्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण असतं, हा प्रश्न त्या योजनेच्या कक्षेत नव्हता.

बाजाराची लढाई मात्र बायकांनी स्वतःच्या नावानं लढली. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानं शहराच्या फेरीवाला समितीतल्या विक्रेत्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांना दिल्या, आणि हातात एक कायदा आला. त्याचा कस २०२१ मध्ये लागला. पलटण रोडच्या छत्रपती शिवाजी मंडईची इमारत धोकादायक ठरली, दादरचा घाऊक बाजार पाडला गेला, आणि मासळीवाल्यांनी ऐरोलीला जावं असं ठरलं. कफ परेडच्या बाईनं पहाटे ऐरोलीहून माल आणून कुलाब्यात विकायचा! हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी पाटी घेऊन प्रवास केलेला नसणार. मोर्चे निघाले, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आवारात तात्पुरती सोय करावी लागली. याच मोर्च्यांतून परप्रांतीय विक्रेत्यांविरुद्धचा सूरही निघाला, तो सगळाच मला पटत नाही. दारोदार सायकलीवर मासळी विकणारा पोरगा हा खरा प्रतिस्पर्धी आहे हे मान्य, पण बाजार पाडला तो त्यानं नव्हे. आणि ससून डॉकवर बर्फाच्या पाण्यात हात घालून करंदी सोलणाऱ्या बायकांत कर्नाटक-आंध्रकडून आलेल्या, बंजारा समाजाच्या कितीतरी आहेत. कोळणींच्या नेतृत्वाची गोष्ट सांगताना त्या बायका बहुधा गोष्टीबाहेर राहतात. त्यांना ना ओटा, ना परवाना, ना भूमिपुत्र म्हणवून घेण्याची सोय.

वरळीला किनारी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर वाढवून १२० मीटर करून घेण्यात मच्छीमारांना यश आलं. त्या लढ्याचा धडा कफ परेडनं घेतला: प्रकल्प येणारच असेल तर आधी मोजणी आपली करून ठेवा. पण मोजणी म्हणजे काय मोजायचं? होड्या मोजल्या तर होडीमालकाला भरपाई मिळते. ओहोटीला हातानं शिंपल्या वेचणारी बाई होड्यांच्या मोजणीत सापडत नाही. म्हणून भरपाईच्या प्रत्येक वादात बायकांचा आग्रह असतो की धंदा मोजा, नुसत्या नौका नकोत.

जंगलात हे काम कायद्यानं केलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्याच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात. समुद्रावरच्या पारंपरिक मच्छीमारांसाठी तसाच कायदा करण्याचा मसुदा २००९ च्या सुमारास दिल्लीत तयार झाला होता, तो संसदेपर्यंत पोचला नाही. शेतीत तर हे महाराष्ट्रानं कायद्याच्याही आधी करून पाहिलं. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि पुरुषांनी आपल्या हातानं बायकांच्या नावावर जमिनी केल्या. होडीची लक्ष्मीमुक्ती कुणी मागितली नाही. कोळीण आधीच मोकळी आहे, असा समज त्याला कारण असावा. शेतकऱ्याच्या बायकोकडे काहीच नाही हे सगळ्यांना दिसत होतं. कोळणीच्या हातात रोकड दिसते, त्यामुळे कागद नाही हे दिसत नाही.

मुलींचं काय, हा प्रश्न नगरात विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: शिकू दे, पाटी नको. त्यात चूक काही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. मुलगी त्यातून कॉलेजला, कचेरीला जाईल. लोकलला मालडबा असतो, मेट्रोला तोही नाही, त्यामुळे आईला ती उपयोगाची नाही. पण या शिकलेल्या मुलींचा एक उपयोग चळवळीला झाला आहे. पर्यावरणाचे अहवाल, किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नकाशे, जनसुनावणीच्या नोटिसा, हे सगळं वाचायला घरात माणूस आहे. पूर्वी त्यासाठी वकिलाकडे जावं लागे, किंवा समितीतल्या एखाद्या शिकलेल्या पुरुषाकडे. सुनावणीत आक्षेप घ्यायला ओट्याचा परवाना लागत नाही. बाजारातून बाहेर पडलेली पोरगी किनाऱ्याच्या राजकारणातून बाहेर पडलीच पाहिजे असं नाही.

आणि गंमत म्हणजे, होडीच्या कागदावर बाईचं नाव, हे जे चळवळीनं मागितलं नाही ते अनुदानानं सुरू केलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण अर्जदाराला ४० टक्के अनुदान मिळतं, बाईला ६० टक्के. हिशोब साधा आहे, अर्जावर बायकोचं नाव घाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे अशा योजना आणखी येतील, आणि कागदावर आणखी बायका येतील, काही खऱ्या, काही फक्त सहीपुरत्या. सहीपुरती आलेली बाईसुद्धा कायद्यानं मालकच असते. अनुदान घेताना तिचं नाव चाललं, तर संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेची नोटीसही तिच्याच नावानं निघायला हवी. ती निघते का, आणि सभेला ती स्वतः जाते की नवरा, हे आता मच्छीमार नगरातल्या बायकांनीच बघायचं आहे.