शाळेचा नळ आणि शाळेची चाळणी

साताऱ्याच्या शाळेतला नळ आंबेडकरी वाचकाला नव्याने सांगावा लागत नाही. लहानग्या भीमरावाला तहान लागली तर शिपायाने येऊन नळ सोडायचा, शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. बसायला घरून आणलेले गोणपाट. हे ज्याच्या मनात कोरले गेले आहे त्याला शाळेच्या सोयीसुविधा ही क्षुल्लक बाब कधीच वाटणार नाही. शाळेत पाणी कुठे आहे आणि ते कोण घेऊ शकते, यावरून त्या समाजाची जातकुळी कळते.

आज ज्या शाळेविषयी लिहायचे आहे, तिचे पाण्याचे पाइप थेट वास्तुशास्त्राच्या इतिहासात जाऊन बसले आहेत. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक परगण्यात, समुद्रकाठी हन्स्टंटन नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या मुलामुलींच्या माध्यमिक शाळेसाठी स्पर्धा घेण्यात आली आणि १९५० साली अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन या तरुण जोडप्याचा आराखडा निवडला गेला. तेव्हा अ‍ॅलिसन होती अवघी २१ वर्षांची आणि पीटर २६ वर्षांचा. १९५४ साली इमारत पूर्ण झाली. पोलादी सांगाडा, विटा, काँक्रीट आणि भरपूर काच. मध्यभागी सभागृह, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळे चौक, वरच्या मजल्यावर उजेडाने भरलेले वर्ग, वर्गांत जायला वेगवेगळे जिने, व्यायामशाळेची स्वतंत्र इमारत आणि लांबून दिसणारी पाण्याची उंच टाकी.

या इमारतीची गंमत अशी की तिच्यात काहीच झाकलेले नाही. पोलाद ते पोलादच दिसते, वीट ती वीटच. त्यावर गिलावा नाही. विजेच्या नळ्या भिंतीवरून उघड्या गेलेल्या, हात धुण्याच्या भांड्यांचे पाइपही उघडे. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे कोणत्याही पोराला डोळ्यांनी दिसावे. जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी या शाळेवर लिहिले. आज ती सरकारने जपायच्या वारसा इमारतींच्या यादीत आहे.

अर्थात वाखाणणी करणारे पाहुणे संध्याकाळी निघून जातात आणि मुले-शिक्षक मागे उरतात. काचेच्या भिंतींमुळे उन्हाळ्यात वर्ग तापायचे, हिवाळ्यात गारठायचे. पोलादी चौकटीत थेट बसवलेल्या काचा तडकायच्या. आवाज घुमायचा. पुढे काही काचा काढून त्यांच्या जागी काळे फलक बसवावे लागले. सोय ही आराखड्यावर नव्हे, वापरणाऱ्याच्या अंगावर तपासावी लागते, हा पहिला धडा.

पण खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. ही देखणी शाळा कोणासाठी होती?

१९४४ च्या बटलर कायद्याने इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मजुराच्या पोराला माध्यमिक शाळेचे दार उघडले, ही मोठीच गोष्ट. परंतु दार उघडताना आत चाळणी बसवली गेली. अकराव्या वर्षाच्या सुमारास प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यायची. वरचे पाचात एक किंवा चारात एक मूल ‘ग्रामर स्कूल’मध्ये जाणार. तिथे शाळेचा शेवट विद्यापीठाच्या दाराशी होई. काही ठिकाणी तांत्रिक शाळा निघाल्या, पण त्या मोजक्याच. उरलेली बहुसंख्य मुले ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये. तिथून बहुतेकांनी पंधराव्या वर्षी, कसलेही सार्वजनिक परीक्षेचे प्रमाणपत्र न घेता, कारखान्यात, शेतावर नाहीतर दुकानात कामाला लागायचे. हन्स्टंटनची ही जगप्रसिद्ध शाळा बांधली गेली ती सेकंडरी मॉडर्न म्हणून. म्हणजे चाळणीतून खाली पडलेल्या मुलांसाठी.

सांगताना सांगितले गेले की दोन्ही प्रकारच्या शाळांचा दर्जा समान राहील. फक्त मुलांची ‘प्रवृत्ती’ वेगवेगळी, म्हणून शाळा वेगवेगळ्या. ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय? कोणाची प्रवृत्ती पुस्तकाची आणि कोणाची अवजाराची हे वरच्यांनी ठरवायचे आणि खालच्यांनी निमूट मान्य करायचे! प्रत्यक्षात ग्रामर शाळांवर दरडोई खर्च जास्त, पदवीधर शिक्षक जास्त. तिथे मध्यमवर्गाची मुले अधिक आणि कामगारांची कमी. इंग्लंडचा वर्ग म्हणजे आपली जात नव्हे. परीक्षेत उत्तीर्ण झालेला कामगाराचा पोर ग्रामरमध्ये जाऊ शकत होता, आणि कित्येक गेलेही. पण अकराव्या वर्षी नापासाचा शिक्का घेऊन बाहेर पडलेल्या लाखो मुलांना तो शिक्का आयुष्यभर पुसता आला नाही.

आणि मुलींचे काय? शाळा मिश्र, पण सोयी मिश्र नव्हत्या. अशा शाळांत सर्रास मुलांना सुतारकाम आणि धातुकाम, मुलींना स्वयंपाक आणि शिवण. कार्यशाळा एकाच आवारात, पण तिच्या उंबऱ्यावर अदृश्य रेघ. कित्येक ठिकाणी मुलींच्या ग्रामर जागा कमी असल्याने मुलींना मुलांपेक्षा जास्त गुण मिळवावे लागत. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने ही विषयांची वाटणी बेकायदा ठरवली आणि १९८८ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तंत्रज्ञान हा विषय मुलामुली सर्वांना आला.

चाळणीविरुद्धही पालक, शिक्षक आणि मजूर पक्ष लढले. १९६५ साली शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या परिपत्रकाने सर्व मुलांसाठी एकच ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ शाळा काढण्याच्या योजना स्थानिक संस्थांकडून मागवल्या. हन्स्टंटनची शाळाही पुढे तशी झाली. आज ती स्मिथडन हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि नॉरफोकमध्ये सरकारी ग्रामर शाळा एकही उरलेली नाही. मात्र इंग्लंडच्या इतर भागांत १६३ ग्रामर शाळा अजून आहेत. शिवाय चाळणी नवे रूप घेते. अनेक शाळांत घर आणि शाळा यांतील अंतरावर प्रवेश ठरतो, म्हणून चांगल्या शाळेभोवतीची घरे महाग होतात आणि पैसेवाला घराच्या किमतीतून शाळा विकत घेतो. सुमारे सात टक्के मुले तर खासगी शाळांतच जातात.

तरीही तिथल्या सरकारी शाळेने जे हक्क म्हणून मिळवले त्याची नोंद घेतलीच पाहिजे. शाळेत जेवण पुरवण्याचा कायदा १९०६ चा. २०११ पासून गरीब मुलांमागे शाळेला जादा निधी मिळू लागला. २०२० पासून शाळांतून सॅनिटरी पॅड मोफत देण्याची योजना आली, कारण पाळीमुळे मुलीची शाळा बुडणे ही तिच्या घरची खासगी अडचण नसून शाळेच्या सोयीचा प्रश्न आहे, हे मान्य करावे लागले. २०२५ साली सरकारने जाहीर केले की युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्या सर्व कुटुंबांतील मुलांना सप्टेंबर २०२६ पासून मोफत जेवण मिळेल.

पण जे कायद्यात नाही ते केव्हाही जाते. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असलेच पाहिजे असा नियम आहे, शाळेत मात्र तशी सक्ती नाही! शाळा नव्याने बांधण्याचा मोठा कार्यक्रम २०१० साली सरकार बदलताच गुंडाळला गेला आणि सातशेहून अधिक शाळांची कामे अडली. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, सत्र सुरू व्हायला काही दिवस उरले असताना, शंभराहून अधिक शाळांना इमारतींचे भाग बंद करण्यास सांगण्यात आले. जुने हलके काँक्रीट अचानक कोसळू शकते म्हणून. छप्पर दिले की काम संपले असे नसते. ते दरवर्षी राखावे लागते, आणि त्यासाठी दरवर्षी भांडावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या थेट जिव्हाळ्याची. आपली माणसे या देशात गेली, तशी जातही गेली. ब्रिटिश सरकारनेच करवून घेतलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाळेतील मुलांना जातीवरून छळल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. जातीला समता कायद्यात स्पष्टपणे घालण्याचे बंधन संसदेने २०१३ साली सरकारवर टाकले. २०१८ साली सरकारने त्यातून अंग काढून घेतले. म्हणजे नळ सर्वांना खुला, पण नळाशेजारी उभा राहून “तुम्ही कोण?” असे विचारणारा अजून आहेच. उघडे पाइप दाखवणाऱ्या इमारतीतही हा पाइप दिसत नाही.

ज्या १९५० साली हन्स्टंटनचा आराखडा निवडला गेला, त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनाच्या इमारतींत त्यांनी जातीने लक्ष घातले. चाळणीतून खाली टाकलेल्यांना दुय्यम शिक्षण पुरेल, ही कल्पनाच त्यांना अमान्य होती. त्यांनी सोय उभी केली ती थेट उच्च शिक्षणाची, आणि फरक इथेच आहे. हन्स्टंटनमध्ये राज्याने उत्तम इमारत दिली, पण त्या इमारतीतून बाहेर पडणारी वाट आधीच आखडून ठेवली होती.

म्हणून शाळा सातासमुद्रापलीकडची असो वा आपल्या वस्तीतली, तिच्या उद्घाटनाचे फोटो पाहून समाधान मानू नका. तिथे तीन प्रश्न विचारा. आत कोण येते आणि कोणाला बाहेर ठेवले जाते? आतल्या प्रत्येक सोयीला प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा हात लागतो काय? आणि शाळा संपल्यावर ती मुले कुठे पोहोचतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इमारतीत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत शाळेचा पिच्छा सोडू नका.