भिंती किती घालाव्यात? : लिनक्स आणि डिस्कची वाटणी

लिनक्स बसवायला घेतलं की पहिला पेच येतो तो डिस्कच्या वाटणीचा. डेबियनचा इन्स्टॉलर काही पर्याय पुढे करतो: सगळं एकाच पार्टिशनमध्ये, 'होम' वेगळं, किंवा 'होम', 'वार' आणि 'टेंप' तिन्ही वेगळी. पहिल्या पर्यायापुढे नवख्यांसाठी अशी शिफारसही असते. पण ती का, हे समजून घ्यायला हवं.

प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात सॉक्रेटिस म्हणतो की विभागणी करावी ती नैसर्गिक सांध्यांवर. अडाणी खाटकासारखी कुठेही सुरी चालवू नये. आपल्या डिस्कमध्ये असा सांधा कुठे आहे? बघा, 'रूट'मध्ये असते ती प्रणाली. ती उद्या बिघडली तर पुन्हा उतरवून घेता येते. 'होम'मध्ये असतो तुमचा प्रबंध, नातवंडांचे फोटो, पत्रव्यवहार. ते जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. एक गोष्ट बदलण्याजोगी, दुसरी न बदलण्याजोगी. हा खरा सांधा. 'होम' वेगळं असेल तर नवी आवृत्ती बसवताना 'रूट' पुसायचं आणि 'होम' न पुसता जोडायचं. मात्र त्या वेळी 'होम'पुढे फॉरमॅटची खूण नाही ना, हे दोनदा पाहा.

आता दुसरी बाजू. भावांत वाटणी झालेला वाडा आठवा. एकाच्या खोल्या रिकाम्या आणि दुसऱ्याकडे पाय ठेवायला जागा नाही! 'रूट'ला २० जीबी दिले आणि 'होम'ला २००, तर काही महिन्यांनी अपडेट अडतं, कारण 'रूट' भरलेलं. फ्लॅटपॅकचे कार्यक्रम सर्वांसाठी बसवले तर ते 'वार'मध्ये जातात, म्हणजे वेगळं काढलं नसेल तर 'रूट'च्याच जागेत. म्हणून डिस्क लहान असेल तर एकच पार्टिशन बरं. मोठी असेल तर 'रूट'ला ५० ते ६० जीबी द्या, बाकी 'होम'ला.

काही भिंती मात्र केवळ परंपरेच्या असतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये युनिक्स एका डिस्कमध्ये मावेना, म्हणून काही भाग दुसऱ्या डिस्कवरच्या 'यूएसआर'मध्ये गेला. अडचण तेव्हाची होती. पुढे लोक तिलाच तत्त्व मानू लागले. घरच्या संगणकावर 'यूएसआर' वेगळं काढायचं काहीच कारण नाही. स्वॅपसाठीही आता वेगळ्या पार्टिशनची सक्ती नाही, साधी फाइल चालते. सर्व्हरची गोष्ट निराळी. तिथे नोंदी बेसुमार वाढून 'रूट' भरू नये म्हणून 'वार'ला स्वतंत्र भिंत हवी. आणि यूईएफआयच्या संगणकावर सुरू होण्यासाठीचं छोटं ईएफआय पार्टिशन लागतंच. तिथे निवडीचा प्रश्न नाही.

शेवटी एक गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची. वेगळं 'होम' म्हणजे बॅकअप नव्हे. भिंती कितीही घाला, जमीन एकच आहे. डिस्क गेली की सगळे हिस्से एकदम जातात. तेव्हा वाटणी करण्याआधी दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढा. ती असेल, तर वाटणी चुकली तरी फक्त एक दुपार वाया जाईल. ती नसेल, तर अचूक वाटणीही तुमचा प्रबंध वाचवणार नाही.